औषध, धूळ आणि चामाकोस: अमेरिकेतल्या हिस्पॅनिक वस्त्यांच्या पर्यावरण-आरोग्यावर संशोधन करायचं असेल तर

पहिल्याच घरभेटीत मी प्रश्नावलीतला प्रश्न जसाच्या तसा वाचला. "घरात किंवा कामावर तुमचा कीटकनाशकांशी संबंध येतो का?" समोरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "नो." नवरा स्ट्रॉबेरीच्या मळ्यात, त्या स्वतः लेट्यूसच्या टोळीत, दारात मातीने माखलेले बुटांचे दोन जोड, आणि उत्तर नाही! माझ्याबरोबर एक प्रोमोतोरा होत्या. प्रोमोतोरा म्हणजे वस्तीतलीच आरोग्यसेविका, आपल्या आशाताईंच्या जवळपासची. त्यांनी माझ्या हातातला कागद बाजूला सारला आणि विचारलं, "पिकावर लिकिदो मारतात का? मेदिसीना?" लिकिदो म्हणजे द्रव, मेदिसीना म्हणजे औषध. मग बाई अर्धा तास बोलत होत्या. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. माझं गाव बीड जिल्ह्यातलं. आमच्याकडे कपाशीवर फवारायला गेलेल्या माणसाबद्दल 'औषध मारायला गेलाय' असंच म्हणतात. 'कीटकनाशक' हा शब्द फक्त डब्यावर असतो.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींचे फोन आणि मेल मला बरेच येतात. कुणी बीडीएस, कुणी बीएएमएस, कुणी पर्यावरणशास्त्रात एमएस्सी, कुणी देवनारच्या आयआयपीएसमधून लोकसंख्याशास्त्र केलेलं. सगळ्यांना तेच तेच सांगते, ते एकदा लिहून काढते.

पहिली पायरी: 'हिस्पॅनिक' हा एक माणूस नाही

२०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत ६ कोटी २१ लाख हिस्पॅनिक किंवा लॅटिनो (म्हणजे मेक्सिको, पोर्तो रिको, क्युबा अशा स्पॅनिशभाषक मुलखांत मूळ असलेले) लोक आहेत, एकूण लोकसंख्येच्या १८.७ टक्के. हा आकडा निबंधाच्या पहिल्या ओळीत सगळेच लिहितात आणि पुढे या सहा कोटींची एकच सरासरी काढतात. नंदुरबारच्या पाड्यावरचं पोर आणि कोथरूडचं पोर यांना 'भारतीय मूल' म्हणून एका खान्यात टाकण्यासारखं आहे हे.

दम्याचंच बघा. अमेरिकेत पोर्तो रिकन मुलांमध्ये दम्याचं प्रमाण सर्वांत जास्त असणाऱ्या गटांतलं, तर मेक्सिकन वंशाच्या मुलांमध्ये बरंच कमी. दोघांवर शिक्का एकच: हिस्पॅनिक. एकत्र सरासरी काढली की दोन्ही बाजूंचं सत्य गडप. पोर्तो रिको हा अमेरिकेच्याच ताब्यातला मुलूख, तिथले लोक १९१७ पासून अमेरिकन नागरिक आहेत, शेजारी राहणारा ग्वातेमालाचा मजूर कदाचित कागदपत्रांविना आहे. दवाखान्यात जाण्याची दोघांची भीती सारखी कशी असेल? कॅलिफोर्नियातल्या सालिनासच्या मळ्यांत तर मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातून आलेली अशी बरीच माणसं भेटतात ज्यांची मातृभाषा मिश्तेको किंवा त्रिकी आहे. त्यांना स्पॅनिशही जेमतेम येते. तुम्ही कौतुकाने स्पॅनिश प्रश्नावली घेऊन जाता आणि ती माणसं नुसतं 'सी, सी' म्हणत राहतात.

दुसरी एक गोष्ट सुरुवातीलाच वाचून ठेवा. १९८६ साली मार्कीडीस आणि कोरील या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचे हिस्पॅनिक लोक गरीब असूनही मृत्युदराच्या बाबतीत गोऱ्यांच्या बरोबरीचे किंवा काही बाबतींत त्यांच्यापेक्षा बरे आहेत. याला 'हिस्पॅनिक विरोधाभास' म्हणतात. मुळात धडधाकट माणसंच स्थलांतर करतात म्हणून, सिगारेट कमी ओढतात म्हणून, की आजारी पडलेले गावी परततात आणि त्यांचा मृत्यू इथे मोजलाच जात नाही म्हणून, यावर अजून वाद चालू आहे. मुलाखतीत हमखास विचारतात. पण मला ते वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. 'गरीब म्हणजे आजारी' हे आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं समीकरण इथे लागू पडत नाही, आणि मधुमेहासारख्या आजारात मात्र हेच लोक मागे पडतात.

दुसरी पायरी: विषय नकाशावर शोधा

'पर्यावरण आणि आरोग्य' हा विषय नव्हे. विषयाला गाव लागतं, आणि त्या गावातली एक वस्तू लागते: पाणी, धूळ, शिसं, ऊन, फवारा.

उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल काउंटीत सॉल्टन सी नावाचं खारं सरोवर आटत चाललंय आणि उघड्या पडलेल्या तळाची धूळ वाऱ्यावर उडते. मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या या भागात दम्याची मुलं खूप. तिथल्या कोमिते सिविको देल वाये या स्थानिक संस्थेने संशोधकांच्या साथीने गावागावांत चाळीसेक हवामापक यंत्रं बसवली, कारण सरकारी यंत्रं मोजकीच होती. टेक्ससच्या सीमेवर 'कोलोनिया' म्हणून वस्त्या आहेत, जिथे कित्येक घरांना वर्षानुवर्षं नळ आणि गटारं नव्हती. एल पासोत शिसं वितळवणाऱ्या भट्टीच्या सावलीत स्मेल्टरटाऊन नावाची मेक्सिकन कामगारांची वस्ती होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुलांच्या रक्तात शिसं सापडलं, आणि शेवटी वस्तीच जमीनदोस्त केली गेली.

पण नवख्याने आधी एकच अभ्यास मुळापासून वाचावा, असं माझं मत आहे. तो म्हणजे सालिनास खोऱ्यातला 'चामाकोस'. मेक्सिकन बोलीत चामाकोस म्हणजे पोरंटोरं. बर्कली विद्यापीठाच्या ब्रेंडा एस्केनाझी यांच्या नेतृत्वाखाली १९९९-२००० मध्ये ६०१ गरोदर बायकांची नोंदणी झाली. बहुतेक मेक्सिकन वंशाच्या, शेतमजूर घरांतल्या. गरोदरपणी त्यांची लघवी तपासून ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांचे अवशेष मोजले आणि जन्मलेल्या मुलांचा माग वर्षानुवर्षं ठेवला. २०११ साली निष्कर्ष आला: ज्या आयांच्या शरीरात हे अवशेष सर्वाधिक होते त्यांच्या मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यंक सर्वांत कमी अवशेषवाल्यांच्या मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी. ऑर्गनोफॉस्फेटांपैकीच क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाची विक्री कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये बंद केली, आणि त्या निर्णयामागच्या पुराव्यांत अशा अभ्यासांचा वाटा होता. आपल्याकडे हे औषध कृषी सेवा केंद्रातून सहज आणलेलं असतं. २०१७ साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आठवत असेल तर सालिनास तुम्हाला परकं वाटणार नाही.

याच संशोधकांचा पुढचा 'एर्मोसा' अभ्यास मला जास्त आवडतो, कारण तो छोटा आहे. शंभर लॅटिना किशोरवयीन मुलींनी तीन दिवस आपली नेहमीची शॅम्पू-क्रीम-लिपस्टिक सोडून कमी रसायनांची उत्पादनं वापरली. तेवढ्यात लघवीतली पॅराबेनची (प्रसाधनं टिकवण्यासाठी घालतात त्या रसायनांची) पातळी सुमारे ४४ टक्क्यांनी खाली आली. प्रश्न ठरवण्यापासून नमुने गोळा करण्यापर्यंत गावातली शाळकरी मुलं त्यात सहभागी होती.

आणखी एक विषय मराठी माणसाला चटकन कळतो. मेक्सिकन घरांत लहान मुलाचं पोट 'अडकलं' की त्याला एम्पाचो म्हणतात, आणि त्यावर पूर्वापार असार्कोन नावाची भगवी-केशरी पूड देतात. ही पूड म्हणजे शिशाचं टेट्रॉक्साइड, म्हणजे मारुतीला फासतात तो अस्सल शेंदूर! दुसरी पिवळी पूड ग्रेता, तीही शिशाचीच. अमेरिकेत मुलांच्या रक्तातल्या शिशासाठी २०२१ पासून डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम हा संदर्भ-आकडा आहे, आणि या पुडीची चिमूटभर पोटात गेली तर तो कुठच्या कुठे ओलांडला जातो. पण "गावठी औषध देता का?" असं विचारलंत तर कुठलीही आई नाहीच म्हणेल. "एम्पाचो झाला की काय करता?" असं विचारा.

तिसरी पायरी: आधी स्पॅनिश, मग सांख्यिकी

इथे माझे सहकारी माझ्याशी भांडतात. त्यांचं म्हणणं, आधी एपिडेमिऑलॉजी, म्हणजे रोगप्रसाराचं शास्त्र, पक्की करा. माझं म्हणणं, ती अभ्यासक्रमात येणारच आहे, ती चुकवताच येत नाही. स्पॅनिश मात्र कुणी सक्तीने शिकवणार नाही. शिवाय आपला रंग आणि केस बघून बायका थेट स्पॅनिशमध्ये सुरू होतात. त्यांचा गैरसमज दोन मिनिटांत दूर होतो, पण ती दोन मिनिटं वाया घालवू नका.

मराठी बोलणाऱ्याला उच्चार सोपे जातात. त, द मऊच आहेत, ञ आपल्याकडे आहेच. आणि तिथला 'तू' म्हणजे आपलाच 'तू'. वडीलधाऱ्यांना, अनोळखी माणसाला 'उस्तेद', म्हणजे तुम्ही. हा भेद इंग्रजी घरातल्या संशोधकांना पाठ करावा लागतो, आपल्या जिभेवर तो आहेच. 'आओरीता' शब्द ऐकलात तर घड्याळ बघू नका. त्याचा अर्थ आपल्या 'आत्ता येतो' एवढाच.

पुण्या-मुंबईत वर्ग आहेत, पण तिथे अनेकदा स्पेनची स्पॅनिश शिकवतात. मेक्सिकन बोलीसाठी रोज अर्धा तास रेडिओ ऐका. भारत सोडण्याआधी किमान वर्षभर.

चौथी पायरी: घरबसल्या आकड्यांवर हात बसवा

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीचा, म्हणजे एनहेन्सचा, डेटा फुकट उतरवता येतो. रक्तातलं शिसं, लघवीतले फ्थॅलेट (प्लास्टिकमधली रसायनं), रक्तदाब, सगळं आहे. 'आर' ही संगणकप्रणालीही फुकट. बीडमध्ये बसून काम सुरू होतं.

दोन गोष्टी सांभाळा. या पाहणीत वंशाचे खाने बघा: एक 'मेक्सिकन अमेरिकन', दुसरा 'इतर हिस्पॅनिक'. त्या 'इतर' मध्ये पोर्तो रिकन, क्युबन, साल्वादोरन सगळे कोंबलेले. वर दम्याबद्दल सांगितलं ते इथे आठवा. दुसरं म्हणजे भारांक, म्हणजे पाहणीतल्या प्रत्येक माणसाला दिलेलं वजन. ही पाहणी काही गटांना मुद्दाम जास्त संख्येने घेते, त्यामुळे भारांक न लावता काढलेली सरासरी चुकीची असते. अर्जासोबत असं भारांकाविना केलेलं विश्लेषण पाठवलं की वाचणारा तिथेच थांबतो.

गटवार बघायचं असेल तर हिस्पॅनिक कम्युनिटी हेल्थ स्टडी आहे. ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो इथल्या १६,४१५ प्रौढांची २००८ ते २०११ मध्ये नोंदणी झाली, आणि क्युबन, डोमिनिकन, मेक्सिकन, पोर्तो रिकन, मध्य व दक्षिण अमेरिकन असे गट वेगळे ठेवले. तो डेटा अर्ज करून मिळतो. कॅलिफोर्नियापुरतं बघायचं तर कॅलएन्व्हायरोस्क्रीन हा सरकारी नकाशा उघडा. प्रदूषण आणि गरिबी यांचा एकत्र भार वस्तीवार दिसतो.

पाचवी पायरी: पदवी आणि ती पहिली मेल

एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) बहुतेक स्वतःच्या पैशाने करावी लागते, म्हणजे कर्ज. पीएचडीला सहसा शिकवणीशुल्क माफ आणि विद्यावेतन मिळतं. संशोधनच करायचं पक्कं असेल आणि हाती एखादा शोधनिबंध किंवा मैदानी कामाचा अनुभव असेल, तर थेट पीएचडीला अर्ज करून बघा. पब्लिक हेल्थच्या बऱ्याच संस्थांचे अर्ज सोफास या एकाच ठिकाणी भरतात आणि भारतीय गुणपत्रिकांचं मूल्यांकन डब्ल्यूईएस या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. आपल्या विद्यापीठांतून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट काढायला किती चपला झिजतात हे मी वेगळं सांगायला नको. जूनमध्ये सुरू करा. पीएचडीच्या मुदती बहुतेक १ डिसेंबरच्या आसपास असतात.

प्राध्यापकांना मेल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. 'रिस्पेक्टेड सर' ने सुरू होणारी, स्वतःच्या गुणांची यादी देणारी मेल कुणी वाचत नाही. सहा ओळी पुरतात: तुमचा हा निबंध वाचला, त्यातली ही गोष्ट मला खटकली किंवा पुढे न्यावीशी वाटली, मी हे काम केलंय, पुढच्या वर्षी तुम्ही विद्यार्थी घेताय का. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण, मग सोडून द्या.

सहावी पायरी: पैसा आणि व्हिसा

ही पायरी कुणी नीट सांगत नाही, आणि नंतर पस्तावायला होतं.

अमेरिकेत या संशोधनाचा मोठा पैसा एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेकडून येतो. पर्यावरण-आरोग्यासाठी तिची एनआयईएचएस ही शाखा नॉर्थ कॅरोलायनात आहे, आरोग्य-विषमतेसाठी एनआयएमएचडी. विद्यार्थ्यांची एफ-३१ शिष्यवृत्ती आणि टी-३२ प्रशिक्षण जागा फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांना. आपल्याला नाही. पोस्टडॉकमधली, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या काळातली, के-९९ अनुदान-योजना मात्र व्हिसावाल्यांनाही खुली आहे, पण पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांपेक्षा जास्त नको. म्हणून पोस्टडॉकच्या पहिल्याच वर्षी तारीख मोजायला लागा. आर-०१ हे मोठं अनुदान विद्यापीठाच्या नावावर येतं, तुमचा पासपोर्ट आड येत नाही.

पोस्टडॉकच्या पगाराचा मापदंड म्हणून बरीच विद्यापीठं एनआयएचची पायरी धरतात. २०२४ साली पहिली पायरी होती वर्षाला ६१,००८ डॉलर. लॉस एंजेलिससारख्या ठिकाणी त्यात भाडं भागतं आणि थोडं उरतं, एवढंच. पुढे प्राध्यापक झालात तरी पब्लिक हेल्थच्या शाळांत पगाराचा मोठा हिस्सा स्वतःच्या अनुदानातून उभा करावा लागतो. त्याला 'सॉफ्ट मनी' म्हणतात. नोकरी पक्की, पगार कच्चा.

एमपीएचला जाताना आय-ट्वेंटीवरचा (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावरचा) अभ्यासक्रमाचा सांकेतिक क्रमांक बघा. एपिडेमिऑलॉजी आणि बायोस्टॅटिस्टिक्स स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत आहेत, म्हणजे बारा महिन्यांच्या ओपीटीवर (शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीवर) आणखी चोवीस महिने. साधी सर्वसाधारण एमपीएच त्यात बसत नाही. विद्यापीठांना एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक कोट्यातून सूट आहे, पण सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरच्या लोकांसाठी केलेल्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. निर्णय घ्याल त्या आठवड्यात विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारा, माझ्यावर विसंबू नका.

वारं सध्या उलटं आहे, हेही लपवत नाही. पर्यावरण-न्यायाचा १९९४ चा क्लिंटन यांचा आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला आणि त्याच वर्षी आरोग्य-विषमतेवरची कित्येक चालू अनुदानं मध्येच बंद पडली. काही प्रकरणं न्यायालयात गेली. म्हणून विषय असा घ्या की जो शीर्षक बदलूनही उभा राहील. शिशाचं मोजमाप, उन्हाचा मूत्रपिंडावर परिणाम, फवारा आणि गर्भ. राज्य सरकारची खाती आणि खासगी निधीसंस्था हे दरवाजेही आत्तापासून माहीत असू द्या.

सातवी पायरी: हंगाम ओळखा, मगच वेळापत्रक करा

माझी सगळ्यात महाग चूक इथली. पहिल्या वर्षी मी घरभेटींची दुसरी फेरी डिसेंबरात लावली. गेले तर निम्म्या घरांना कुलपं. एप्रिल ते नोव्हेंबर लेट्यूस सालिनासला, मग हिवाळाभर ॲरिझोनातल्या यूमाला, आणि माणसं पिकामागोमाग. दसरा झाला की कोयते बांधून कारखान्यावर निघालेल्या ट्रॅक्टरमागे धावत लहानपण गेलेल्या माणसाला हे सुचू नये, याची मला अजून लाज वाटते. आता मी प्रत्येक घराकडून तीन फोन नंबर घेते: स्वतःचा, बहिणीचा किंवा जावेचा, आणि मेक्सिकोतल्या आईचा. पहिले दोन बदलतात, तिसरा बदलत नाही.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. ऑर्गनोफॉस्फेटचे अवशेष शरीरातून काही दिवसांत बाहेर पडतात, त्यामुळे लघवीचा एक नमुना म्हणजे त्या एक-दोन दिवसांचा फोटो. शक्य असेल तर पुन्हा घ्या, आणि फवारणी कधी झाली ते लिहून ठेवा. भेटी संध्याकाळी सहानंतर. इमिग्रेशनचा दर्जा विचारू नका, वहीत लिहू नका, कुणी आपणहून सांगितला तरी नाही. एनआयएचच्या निधीवरच्या अभ्यासाला गोपनीयतेचं प्रमाणपत्र असतं, त्याचा अर्थ संमतीपत्रात साध्या स्पॅनिशमध्ये लिहा. आणि प्रोमोतोरांचा पगार अनुदानाच्या अंदाजपत्रकात पहिल्या पानावर हवा. त्यांना 'स्वयंसेविका' म्हणणारे प्रकल्प मी पाहिलेत, त्यांच्या दुसऱ्या फेरीला माणसं मिळत नाहीत.

आठवी पायरी: निकाल आधी घरात, मग परिषदेत

एका प्रकल्पात आम्ही निकाल आधी परिषदेत मांडले. स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली आणि बायकांना स्वतःच्या अंगातल्या विषाबद्दल शेजारणीकडून कळलं. पुढचे सहा महिने दारं उघडेनात. आता घराघरात पत्र आधी जातं: तुमचा आकडा, वस्तीचा आकडा, देशाचा आकडा, आणि उद्या सकाळी काय करता येईल ते.

त्या पहिल्या बाईंकडे पत्र घेऊन मीच गेले. आकडा वस्तीच्या सरासरीपेक्षा वर होता. मी पाठ केलेलं सांगितलं: कामाचे कपडे वेगळे धुवा, पोराला उचलण्याआधी हात धुऊन कपडे बदला, बूट दाराबाहेर काढा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाहेर ठेवले तर सकाळी चोरीला जातील. मग कामाला काय घालून जायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रोमोतोरांनी गाडीतून झाकणाचं एक प्लास्टिकचं खोकं आणलं आणि दाराच्या आत, चटईशेजारी ठेवलं. पुढच्या अनुदानाच्या अर्जात आम्ही अशी दोनशे खोकी मागितली. परीक्षकाने समासात लिहिलं होतं: याची गरज स्पष्ट करा.